फोनचं झबलं

४ मार्च

चिमे,

अनेक आशीर्वाद. आधी बस, मग वाच. उभ्याने वाचण्यासारखी बातमी नाही.

मी फोन घेतला.

खिशातला नव्हे गं. खिशातल्या फोनचं आणि माझं काय झालं ते तुला माहीतच आहे. तिसरा अंक, नायक नुकताच मेलेला, थिएटरात चिडीचूप, आणि विंगेत माझ्या खिशातला तो मेला किंचाळायला लागला. प्रेक्षक हसले ते हसले, मेलेला नायकही हसला. त्याचं पोट हलताना शेवटच्या रांगेपर्यंत दिसलं. दुसऱ्या दिवशी मी ते यंत्र थिएटरच्या वॉचमनला देऊन टाकलं आणि सुटलो.

हा फोन घरात बसणारा, वायरवाला. दिसायला अगदी जुना. काळा कुळकुळीत, पितळी कडा, गोल तबकडी, रिसीव्हर ठेवायला दोन शिंगं आणि पिळाची वायर. आतून मात्र कोरा करकरीत नवा. तबकडी फिरत नाही, तिच्या भोकांमध्ये बटणं लपवलेली आहेत. म्हणजे आमच्या मेहुण्यांच्या बरोब्बर उलट. ते केस काळे करून बाहेरून नवे दिसतात.

जोडणीवाला आला, त्याने भिंतीतून वायर काढली, आणि चाचणी म्हणून स्वतःच्या मोबाइलवरून माझा नंबर लावला. ट्रिंग ट्रिंग! चिमे, अंगावर काटा आला. तो म्हणाला, "आजोबा, उचला ना." मी म्हटलं, "जरा वाजू दे."

तुला म्हणून सांगतो. मी जन्मभर प्रॉम्प्टर. पण नाटकातले फोनसुद्धा मीच वाजवायचो. स्टेजवरच्या फोनची वायर टेबलामागे नुसती लोंबकळत असते, ती कुठेही जात नाही. घंटीचं बटण विंगेत, माझ्या खुर्चीपाशी. नायिका म्हणाली, "आता तो नाही येणार," की मी बटण दाबायचं. मग तिने धावत येऊन फोन उचलायचा आणि लोकांनी रुमाल काढायचे. इतके फोन वाजवले, पण एकही माझ्यासाठी नव्हता. म्हटलं, आता एक फोन असा हवा, जो दुसरं कुणीतरी वाजवेल.

आणखीही एक कारण आहे, पण ते इतक्यात सांगत नाही. ग्रंथालयातल्या बाईंनाही नंबर देणार आहे. हवं ते पुस्तक आलं की कळवतील. त्या बाई फार व्यवस्थित आहेत.

रविवारी फोन कर. नंबर खाली मोठ्या अक्षरांत लिहिला आहे. आपण आजवर पत्रं लिहिली ती माझ्याकडे फोन नव्हता म्हणून. आता बोलू.

तुझा,
दादा

११ मार्च

दादा,

नमस्कार. वाकून करणार होते, पण कमरेत उसण भरली आहे. तेव्हा उभ्यानेच घे.

रविवारी फोन लागला खरा, पण बोललास काय? मी "हॅलो, हॅलो" म्हणून घसा कोरडा केला, आणि तिकडून तू कुजबुजतोयस. अरे, समोर प्रेक्षक नाहीत! मोठ्याने बोल की! हे शेजारी बसले होते. विचारतात, "फोनवर कोण आहे? चोर आहे का?" म्हणून हे पत्र. तुझं पत्र तरी नीट ऐकू येतं.

आता मुद्द्याचं. तू फोन घेतलास, चांगलं केलंस, पण तो उघडा ठेवला आहेस की काय? काळ्या रंगावर धूळ कशी उठून दिसते! पितळ काळं पडतं! माझ्या घरात एक वस्तू उघडी दाखव. मिक्सरला झगा आहे, रेडिओला शाल आहे, ह्यांच्या कवळीच्या पेल्यालासुद्धा टोपडं आहे. लोकरीचं दुकान चालवणाऱ्या बाईच्या सख्ख्या भावाचा फोन उघडा? लोक काय म्हणतील?

तुला माप घ्यायला सांगितलं असतं तर तू ते कुजबुजला असतास. म्हणून मी टेप घेऊन इथल्या दुकानातच गेले. तसाच फोन काचेत ठेवला होता, तो काढायला लावला, आडवं-उभं माप घेतलं, शिंगांचाही घेर घेतला. दुकानदार म्हणाला, "ताई, फोन घेताय का?" मी म्हटलं, "नाही, शिवायला घेतलाय." त्याने फोन परत काचेत ठेवून दिला.

सोबतच्या पुडक्यात झबलं आहे. ह्यांचा नारिंगी स्वेटर उसवून दुहेरी धाग्याने विणलं आहे. तीन कपडे आहेत, गोंधळ करू नकोस. मोठा तो अंगरखा. लांबट ती रिसीव्हरची बाही. आणि दोन छोटे मोजे आहेत ते शिंगांचे. रिसीव्हर शिंगांवर आपटून चरे पडतात म्हणून मोज्यांचे तळवे चांगले जाड केले आहेत. हे म्हणतात, "फोनला कपडे कशाला? त्याला थंडी वाजते का?" ह्यांना स्वेटर गेल्याचं दुःख आहे, तिकडे लक्ष देऊ नकोस.

आणि हो. चार ओळींच्या परिच्छेदात बाई दोनदा आल्या. मी काही विचारत नाही. नुसतं दिसलं म्हणून सांगितलं.

चिमी

१९ मार्च

चिमे,

झबलं पोचलं आणि चढवलंही. फोन असा गोजिरवाणा दिसतोय की मी खुर्ची त्याच्यासमोर ओढून घेतली आहे. मोजे घालताना जरा झटापट झाली, पण बसले. घातल्यावर फोन थोडा वेळ आतल्या आत टूं टूं करून कुरकुरला, मग गप्प झाला. तान्ह्या मुलाला नवं झबलं घातलं की ते रडतं ना, तसंच. सवय झाली असेल त्याला.

आता ते कारण सांगतो. हसणार नसशील तरच पुढे वाच. हसलीस तरी वाच, मला कुठे दिसणार आहे?

मी बाईंना विचारलं.

हो, त्याच ग्रंथालयातल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली आहेत, घरी एकट्याच असतात. रोज संध्याकाळी मी पुस्तक बदलायला जातो हे तुला ठाऊक आहे. पण एका दिवसात कुठलं पुस्तक वाचून होतं? मी न वाचताच बदलतो, आणि त्यांना ते कळतं. त्या एकदा म्हणाल्या, "या ग्रंथालयात नीट कुजबुजता येणारे तुम्ही एकटेच आहात. बाकीचे नुसता हवेचा आवाज काढतात." माझ्या आयुष्यात माझ्या कामाचं इतकं नेमकं कौतुक कुणी केलं नव्हतं. नटमंडळी तर मला कुजबुजराव म्हणायची, तेही वाक्य विसरले की तेवढ्यापुरतं.

तर सोमवारी मी गेलो, काउंटरवर पुस्तक ठेवलं आणि म्हटलं, "माझ्याकडे आता फोन आहे." त्या म्हणाल्या, "बरं झालं." मी म्हटलं, "उरलेले दिवस तुम्ही आणि मी एका घरात काढले तर कसं होईल, याचा विचार करा. हो असेल तर या कागदावरच्या नंबरवर फोन करा. नाही असेल तर करूच नका, मी समजून घेईन. उत्तर येईपर्यंत मी इथे पाऊल टाकणार नाही, तुम्हाला अवघडल्यासारखं नको." हे सगळं मी कुजबुजलो, तरी पेपर वाचणारे एक गृहस्थ "शू!" म्हणालेच. बाईंनी कागद घेतला, माझ्या पुस्तकावर शिक्का मारला. धाडकन. रोजच्यापेक्षा जोरात होता की हळू, हे आठवून आठवून डोकं पिकलं आहे.

आता मी फोनपाशी बसून असतो. रिसीव्हरला हातसुद्धा लावत नाही. मी उचलला आणि नेमका त्याच क्षणी त्यांचा फोन आला तर? आंघोळ दार उघडं ठेवून करतो. इतकी वर्षं एकटा राहिलो आणि कधी काही वाटलं नाही. पण विचारून झाल्यापासून घर फार मोठं वाटायला लागलं आहे, चिमे. त्या नाही म्हणाल्या तर मी कुणाला दुसऱ्यांदा विचारणार नाही. तेवढा दम माझ्यात नाही.

दादा

२७ मार्च

दादा! अरे दादा!!

हसले नाही. रडले. मग हसले. मग दुकान बंद करून घरी आले आणि ह्यांना उठवून सांगितलं. हे म्हणाले, "कोण, कुजबुजराव? मग बाईंना ऐकू कसं गेलं?"

तरुणपणी तुला मी किती मुली दाखवल्या! प्रत्येक वेळी तू विंगेत पळालास. आणि आता या वयात, भर ग्रंथालयात! लबाडा!

पण थांब. तुझं कौतुक संपलं, आता खरडपट्टी. पत्र मिळाल्यापासून मी फोन लावतेय. एंगेज. सकाळी लावला, एंगेज. दुपारी दुकानातून लावला, एंगेज. संध्याकाळी ह्यांना लावायला बसवलं, तर हे रिसीव्हर कानाला लावून डुलकी काढून उठले, तरी एंगेज! रोज हेच. दादा, मी काय दूधखुळी आहे? "रिसीव्हरला हातसुद्धा लावत नाही" म्हणे! बाईंचा होकार आलाय, आणि दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत तुम्ही दोघं फोनवर गुलूगुलू करताय, हे शेंबड्या पोरालाही कळेल. एवढं काय बोलता रे? आणि सख्ख्या बहिणीला कळवायला दोन ओळी लिहवत नाहीत?

रागावले आहे, पण तात्पुरती. बाईंचा रंग कसा आहे ते कळव. स्वेटरला घ्यायचं आहे. गोऱ्या असतील तर जांभळा, सावळ्या असतील तरी जांभळाच, कारण माझ्याकडे जांभळी लोकर खूप उरली आहे.

चिमी

५ एप्रिल

चिमे,

तुझं पत्र दोनदा वाचलं. थट्टेला काही मर्यादा असते.

फोन वाजला नाही. एकदाही नाही. तू म्हणतेस एंगेज होता. अगं, मी कुणाशी बोलणार? माझ्याशी बोलायला आहे कोण? दूधवाला दाराशी "दूध" म्हणतो, तेवढा संवाद. तू नंबर चुकीचा लावत असशील, किंवा फोन केलाच नसशील आणि मला हसवायला लिहिलं असशील. हसू आलं नाही.

उत्तर आलेलं आहे. मीच तर म्हटलं होतं, नाही असेल तर करू नका. त्यांनी केला नाही. बाई व्यवस्थित आहेत, हे मी पहिल्याच पत्रात लिहिलं होतं.

राग नाही गं. वाईट वाटतं, खूप वाटतं. खोटं कशाला बोलू? नाटकात फोन वेळेवर वाजायचा तो बटण माझ्या हातात असायचं म्हणून, एवढी साधी गोष्ट मला या वयात कळली. रोज संध्याकाळी पाय आपोआप ग्रंथालयाच्या रस्त्याला लागतात, आणि मी त्यांना वळवून भाजीबाजारात नेतो. घरात इतके टोमॅटो झाले आहेत की काय सांगू.

मी ठरवलंय. फोन आमच्या नाटक कंपनीच्या सामानघरात देऊन टाकतो. तिथे टेबलावर ठेवतील, वायर मागे लोंबकळेल, आणि विंगेतून कुणीतरी बटण दाबलं की वाजेल तरी. झबलं मात्र मी ठेवून घेईन. तू मायेने केलं आहेस.

स्वेटर विणू नकोस.

दादा

९ एप्रिल

दादा,

फोन कुणाला देऊ नकोस. भाजीबाजाराशिवाय कुठे जाऊ नकोस. आणखी टोमॅटो आणू नकोस. काही म्हणजे काहीही करू नकोस. मी बघते.

चि.

१४ एप्रिल

दादा,

ओरडू नकोस (तू ओरडणार नाहीसच म्हणा). मी तुझ्या गावी येऊन गेले. बसने आले, बसने परतले. तुझ्या घरी मुद्दामच आले नाही, कारण तू मला ग्रंथालयात जाऊ दिलं नसतंस, दारात आडवा पडला असतास.

ग्रंथालयात शिरले. "शांतता राखा" या पाटीखाली बाई बसल्या होत्या. चष्मा, पांढरा अंबाडा, पाठ सरळ. पाहताक्षणी आवडल्या मला. मी म्हटलं, "मी कुजबुजरावांची बहीण." त्यांनी हातातला शिक्का खाली ठेवला आणि म्हणाल्या, "त्यांचं बोलणं संपलं का?"

आता ऐक. बाईंनी फोन केला होता! एकदा नाही, कितीदा तरी. ग्रंथालय उघडण्याआधी, जेवणाच्या सुट्टीत, बंद केल्यावर. कायम एंगेज. बाई म्हणाल्या, "जो माणूस माझ्यासमोर कधी चार वाक्यं मोठ्याने बोलला नाही, तो दिवसभर फोनवर बोलतोय. म्हणजे मला विचारलं, तसं आणखी कुणाकुणाला विचारलं आहे कोण जाणे." मला एवढं हसू आलं की पेपरवाले गृहस्थ "शू!" म्हणाले. बाईंना नाही आलं हसू. त्या दुखावल्या आहेत, दादा. मी म्हटलं, "अहो, त्याला दूधवाल्याशिवाय कुणी नाही हो. तो टोमॅटो आणतोय." माझ्या बोलण्याने त्यांचा चेहरा जरा सैल झाला.

मी विचारलं, "मग तुमचं उत्तर काय आहे?" तर म्हणाल्या, "ते उत्तर त्यांचं आहे, तुमचं नाही. मी पुष्कळदा नंबर फिरवला. आता पाळी त्यांची. इथे फोन आहे, त्यांनी करावा." अरे बावळटा, तूच ना म्हणाला होतास, नाही असेल तर करू नका? मग त्यांनी केला तो कशाला? पण हे तेव्हाचं. आता काय आहे ते त्यांनाच माहीत. दुखावलेल्या माणसाचं मन बदलायला वेळ लागत नाही, म्हणून तू वेळ लावू नकोस.

मला विचारशील तर दोष तुझ्या फोनचा आहे. बाहेरून जुना, आतून नवा, असल्या सोंगाड्या वस्तूचा काय भरवसा? बाईंच्या टेबलावर बघ, खराखुरा जुना काळा फोन आहे. तबकडी फिरते, खर्र खर्र वाजते. त्यातून तुला एकदाही लागला नाही, म्हणजे बिघाड तुझ्याचकडे. ह्यांचंही काही म्हणणं होतं, पण ते ऐकून माझं डोकं फिरलं, ते मी लिहीत नाही. दोन दिवस मी ह्यांच्याशी बोललेले नाही.

आणि हो, मी रिकाम्या हाताने गेले नव्हते. स्वेटर व्हायला वेळ लागेल, म्हणून हाताने विणलेली एक छोटीशी भेट दिली. बाईंना आवडली. मी निघायच्या आत वापरायलाही काढली.

फोन कर. आजच्या आज कर. आणि मोठ्याने बोल!

चिमी

२१ एप्रिल

चिमे,

अनेक आशीर्वाद, आणि जरा मन घट्ट कर.

तुझं पत्र आलं तसा मी उठून उभाच राहिलो. त्यांनी फोन केला होता! मी ते वाक्य इतक्यांदा वाचलं की कागद मऊ पडला. मग एक वाक्य तयार केलं. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं पुरवली, हे पहिलंच माझं स्वतःचं. भिंतीकडे बघून पाठ केलं, मोठ्या आवाजात. शेजारीण विचारून गेली, बरं आहे ना म्हणून.

मग रिसीव्हर उचलला. झबलं चढवल्यापासून पहिल्यांदा. कानाला लावला तर आत काही नाही. टूं नाही की टां नाही, मेलेल्या नायकासारखा गार. वायर बघितली, ठीक. हलवून बघितला, ठीक. म्हटलं, नीट तपासू, म्हणून कपडे उतरवले. मोजे काढल्यावर रिसीव्हर शिंगांवर ठेवला, तर खालचं बटण टक् करून आत गेलं. उचलला, टूंऽऽऽ! मोजे चढवले, ठेवला, बटण वरच! मोजे काढले, टक्. चढवले, काही नाही. हे मी खूप वेळ करत बसलो होतो.

तुझ्या विणकामात काही खोट नाही गं. उलट तळवे इतके घट्ट आणि जाड झाले आहेत की रिसीव्हर त्यांच्यावर बोटभर उंच बसतो. खालचं बटण दबत नाही, आणि बाहेरच्या जगाला वाटतं की मी बोलतोय. इतके दिवस मी फोन उचलून ठेवून त्याच्या वाजण्याची वाट बघत होतो. मेहुण्यांचं जे म्हणणं तू लिहिलं नाहीस, ते काय होतं ते मला कळलं. त्यांच्याशी बोल आता.

असो. उघड्या फोनवरून मी ग्रंथालयाचा नंबर लावला. एंगेज.

परत लावला, एंगेज. म्हटलं, कामाची जागा आहे, असेल कुणी. दुपारी एंगेज, संध्याकाळी एंगेज. दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून एंगेज! चिमे, मला बाईंचा राग तेव्हा समजला. माझ्या मनात काय काय आलं! पेपरवाल्या गृहस्थांचाच फोन असेल इथपर्यंत पोचलो. ते "शू" म्हणायचे ते मत्सरानेच, अशीही माझी खात्री पटली.

मग तुझं पत्र पुन्हा काढलं. "हाताने विणलेली एक छोटीशी भेट." "निघायच्या आत वापरायलाही काढली."

चिमे! तुला विचारणार होतो की खरं सांग, पिशवीत काय होतं. पण उत्तर यायला आठवडा लागला असता. चपला घातल्या आणि निघालो. एक नवी होती आणि एक जुनी, ते ग्रंथालयाच्या पायरीवर दिसलं.

आत शिरलो. पाटीखाली बाई, बाईंपुढे टेबल, टेबलावर फोन. अंगात जांभळा अंगरखा, रिसीव्हरला जांभळी बाही, आणि शिंगांना मोजे. मोज्यांना गोंडेसुद्धा होते. माझ्या वेळी गोंडे नव्हते, हे मी लक्षात ठेवलं आहे.

मला पाहून बाई ताठ झाल्या. म्हणाल्या, "तुम्ही फोन करणार होतात." पाठ केलेलं वाक्य पार उडालं. आणि मी ओरडलो, चिमे. मी! भर ग्रंथालयात, शेवटच्या रांगेपर्यंत जाईल अशा आवाजात, "बाई, तुमच्या फोनचे मोजे काढा!"

सगळ्यांनी माना वर केल्या. पेपरवाले गृहस्थ म्हणाले, "शू!" मी म्हटलं, "तुम्हीच शू!" आणि पुढे होऊन मोजे काढले, रिसीव्हर ठेवला. टक्. हात बाजूला घेतोय तोच फोन वाजला. कुणी सभासद दोन दिवस नंबर लावत होते, ग्रंथालय बंद पडलं का विचारायला. बाईंनी त्यांना उत्तर दिलं, रिसीव्हर ठेवला, मोज्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तुमच्याकडेही असलंच आहे?"

"नारिंगी," मी म्हटलं.

बाई हसल्या. पाटीखाली बसून, चष्मा काढून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. गृहस्थांची "शू" म्हणायची हिंमत झाली नाही. मी धीर करून म्हटलं, "बाई, मग तुमचं उत्तर..." तर त्यांनी हात वर केला. "तुम्ही काय सांगितलं होतंत? हो असेल तर फोन करा. मग इथे का उभे आहात? घरी जा."

मी धावलो. या वयात, दोन वेगळ्या चपलांत. दार उघडलं, खुर्चीत बसलो, रिसीव्हर जागेवर आहे ना ते दाबून बघितलं. नुसता बसून राहिलो. छाती एवढी धडधडत होती की घंटी ऐकू येईल की नाही याची काळजी वाटली.

ट्रिंग.

मी लगेच उचलला नाही. विंगेत कुणी नव्हतं, बटण माझ्या हातात नव्हतं, आणि तो वाजत होता. पोटभर वाजू दिला. मग उचलला, कानाला लावला, आणि चिमे, माझ्या तोंडून शब्द फुटेना. वाक्य विसरणाऱ्या ज्या नटांना मी जन्मभर मनात शिव्या घातल्या, त्यांच्यासारखीच माझी गत. मग अगदी बारीक, नेमका मलाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात बाई कुजबुजल्या,

"हॅलो म्हणा."

मी म्हणालो.

दादा